मुलांच्या वाढदिवसाला खायला काय ठेवायचं? पहिल्यांदाच घरी पार्टी करणाऱ्या आईबाबांसाठी

माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही हॉल घेतला होता आणि मेनूत अकरा पदार्थ होते, पनीर टिक्का होता, जिलबी होती, चायनीजचा वेगळा काउंटर पण होता. शेवटी मुलांच्या ताटल्या बघितल्या तर एक घास खाऊन ठेवलेलं पनीर, हात न लावलेलं मंचुरियन, आणि संपलं होतं काय तर फक्त वेफर्स आणि केक. लेक तर केक कापायच्या आधीच झोपून गेली होती. त्यानंतर तिचे आणि धाकट्याचे मिळून तेरा वाढदिवस झाले, सगळे ठाण्यातल्या आमच्या टू बीएचकेमध्ये, आणि आता सोसायटीतल्या कुणाकडे वाढदिवस असला की मला फोन येतोच की अगं काय ठेवू खायला. प्रत्येकीला मी जे सांगते तेच इथे ओळीने लिहितेय.

आधी वेळ, मग पदार्थ

सगळे उलटं करतात, आधी पदार्थ ठरवतात. तुम्ही आधी घड्याळ ठरवा. दुपारी चार ते सहा पार्टी असेल तर नुसता खाऊ पुरतो, मुलं जेवून आलेली असतात आणि घरी जाऊन जेवणार असतात. साडेसहाला बोलावलंत तर लोक सव्वासातला येणार, केक कापेपर्यंत पावणेआठ होणार, आणि त्या वेळेला लोक जेवायच्या तयारीनेच आलेले असतात, मग दोन सँडविच आणि वेफर्स ठेवून चालत नाही. आमंत्रणातच स्पष्ट लिहा, "संध्याकाळचा नाश्ता आहे" किंवा "जेवूनच जायचं". यात संकोच करू नका, आलेल्यांना पण घरी कुकर लावायचा की नाही ते कळतं.

पाच वर्षांच्या आतली मुलं जास्त असतील तर साडेपाच ते साडेसात ही वेळ मला सगळ्यात बरी वाटते. इतकी लहान मुलं आठनंतर पेंगायला लागतात, किरकिर करतात, मग समोर काहीही ठेवा ती खात नाहीत. आणि तारीख पक्की करताना एकदा कालनिर्णय उघडून बघा हं. संकष्टी असेल तर निम्म्या आज्या आणि आया चंद्रोदय होईपर्यंत काही खाणार नाहीत, एकादशी असेल तर दिवसभर उपास. श्रावण, नवरात्र, पर्युषण हे पण बघायचं. तारीख बदलायची नसेल तर ठीकच आहे, फक्त चार-पाच जणांपुरते साबुदाणे वडे किंवा वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करून ठेवा, त्यांना फार बरं वाटतं.

डोकी मोजा, आणि तीन रकान्यांत मोजा

"पंधरा मुलं बोलावलीत" हा आकडा कधीच खरा नसतो. पाचच्या आतल्या मुलाबरोबर आई किंवा बाबा असतोच, कधीकधी धाकटं भावंड कडेवर असतं, शिवाय तुमचे आजी-आजोबा, आत्या, मामा. म्हणून कागदावर तीन रकाने करायचे, पाचच्या आतली मुलं, पाचच्या पुढची मुलं, आणि मोठी माणसं. यात घरी कामाला येणाऱ्या मावशी, त्यांची मुलं, खालचा वॉचमन, हे सगळे मोठ्या मनाने आधीच धरा, नंतर उरलंसुरलं देण्यापेक्षा त्यांची ताटं हिशोबात असलेली केव्हाही चांगली. आमच्याकडे पंधरा मुलं बोलावली की माणसं सत्तावीस-अठ्ठावीस होतात, दरवर्षी.

कोणाला काय चालत नाही ते आधी विचारा

ही पायरी नवे लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आमंत्रणाबरोबरच व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "खाण्यातलं काही चालत नसेल, ॲलर्जी असेल किंवा जैन जेवण लागत असेल तर कळवा, वेगळं ठेवते." बस एवढंच. लोक मोकळेपणाने सांगतात, विचारलं नाही तर मात्र भिडेने गप्प बसतात आणि मग ते पोर सगळ्यांच्या ताटल्यांकडे बघत बसतं.

शेंगदाण्याकडे विशेष लक्ष द्या, कारण आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं हे आपल्या लक्षातच राहत नाही. साबुदाणा खिचडी, काकडीची कोशिंबीर, भडंग, चिवडा, इडलीच्या चटणीत सुद्धा बऱ्याच घरी डाळ्यांबरोबर दाणे घालतात, आणि बाहेरून आणलेल्या मखनी ग्रेव्हीत काजू असतातच. ज्या मुलाला दाण्याची ॲलर्जी आहे त्याला "थोडंसंच आहे, चालेल" असं अजिबात म्हणायचं नाही, थोड्याशानेही जिवावर बेतू शकतं. त्याच्या आईला फोन करून पदार्थ एकेक करून सांगा, आणि दाणे असलेला एकच पदार्थ असेल तर तो सरळ मेनूतूनच काढा. चमचे इकडचे तिकडे होतात, मुलं एकमेकांच्या ताटलीतलं खातात, लक्ष ठेवणं शक्य नसतं.

जैन म्हणजे नुसतं कांदा-लसूण नाही एवढंच नसतं, बटाटा, गाजर, बीट, आलं ही जमिनीखालची सगळी कंदमुळं वर्ज्य, आणि बरीच कुटुंबं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणजे त्या मुलांना खाऊ साडेपाच-सहालाच हातात मिळाला पाहिजे. जैन पावभाजी करायची तर बटाट्याऐवजी कच्ची केळी उकडून घालतात, चव सुंदर लागते.

शाकाहारी घरातली मुलं येणार असतील तर मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना ते बघून घ्या, यातल्या बऱ्याच गोष्टींत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. केक एगलेसच सांगा, निम्मी चिंता तिथेच संपते.

आता लहानग्यांबद्दल, हे जरा थांबून वाचा. पाचच्या आतल्या मुलांसमोर अख्खे शेंगदाणे, अख्खे काजू-बदाम, कडक गोळ्या, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षं ठेवू नका. या वयाला दाढांनी नीट बारीक करून चावणं जमत नाही आणि पार्टीत तर मुलं तोंडात घास ठेवून पळत असतात, हसत असतात, घास श्वासनलिकेत अडकतो तो असाच. द्राक्षं ठेवायचीच असतील तर उभी चिरून चार तुकडे करा. आणि पहिला वाढदिवस असेल तर येणाऱ्या बाळांमध्ये वर्षाच्या आतली बाळं असतातच, त्यांना मध घातलेलं काहीही चाटवायचं नाही, मधातून होणारा बोट्युलिझम (एक प्रकारची विषबाधा) त्या वयात धोक्याचा असतो. कितीही कौतुकाने कुणी बोट पुढे केलं तरी स्पष्ट नाही म्हणा.

मेनूचा ढाचा: केक, एक पोटभरीचं, एक कोरडं, एक प्यायचं

एवढंच. खरंच एवढंच ठेवा. फार वाटलं तर कापलेली फळं. पार्टीत मुलांचं अर्धं लक्ष फुग्यांकडे आणि खेळाकडे असतं, ताटलीत पाच-सहा प्रकार दिसले की ती गोंधळतात, प्रत्येकातला एकेक घास खातात आणि उठतात. दोनच गोष्टी असल्या की त्या संपतात, पुन्हा मागतात. पाहुणे काय म्हणतील या भीतीने पदार्थ वाढवले जातात हे मला माहितीय, पण चार गोष्टी गरम आणि भरपूर असल्या तर कोणी काही म्हणत नाही, उलट रेसिपी विचारतात.

पोटभरीचं काय ठेवायचं? माझं पहिलं मत नेहमी पावभाजीला. बहुतेक सगळ्या मुलांना आवडते, त्यात भाज्या जातात, सकाळी करून ठेवता येते, संध्याकाळी गरम करून बटर टाकलं की झालं, आणि मोठ्यांना पण तीच चालते. पंधरा मुलं आणि बारा मोठी माणसं धरली तर मुलांना दोन-दोन पाव, मोठ्यांना साडेतीनच्या हिशोबाने बहात्तर होतात, मी ऐंशी सांगते. लादीत सहा पाव येतात की आठ हे बेकरीवाल्याला विचारून घ्या, दुकानागणिक फरक असतो. भाजीला बटाटे २ किलो, टोमॅटो दीड किलो, फ्लॉवर १ किलो, कांदे १ किलो, मटार आणि सिमला मिरची अर्धा-अर्धा किलो, एवढ्यात साधारण पाच किलो भाजी होते आणि सगळ्यांना पुरते.

तिखटाचं असं करा, मसाला आणि लाल तिखट घालायच्या आधी मुलांपुरती भाजी दुसऱ्या पातेल्यात काढा. त्यात पावभाजी मसाला अगदी चमचाभर, आणि रंगासाठी भाज्यांबरोबरच बिटाचा एक तुकडा उकडून घाला, भाजी लालचुटुक दिसते आणि तिखट मुळीच होत नाही. (जैन भाजीत मात्र बीट नाही, वर सांगितलंय.) तिखटाचा अंदाज स्वतःच्या मुलावरून घेऊ नका. आमच्या घरी ठेचा खाणारी पोरं आहेत, त्या भरात मी एकदा हिरवी चटणी नेहमीसारखी केली आणि सहा मुलं पाणी पाणी करत रडली होती, तेव्हापासून मुलांची चटणी म्हणजे कोथिंबीर, पुदिना, थोडं दही आणि मिरची जवळजवळ नाहीच.

दुसरा पर्याय इडली. छोट्या इडल्यांचं पात्र असेल तर उत्तमच, नसेल तर साधी इडली चार तुकडे करून तुपात जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्यायची. पीठ विकत आणणार असाल तर एक किलोत सोळा-अठरा नेहमीच्या इडल्या होतात, लहान मुलाला दोन आणि मोठ्यांना चार धरा. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी मला इडलीच पावभाजीपेक्षा बरी वाटते, हाताने उचलता येते, कपड्यांवर सांडत नाही, मऊ असते.

पुरीभाजी आज्यांना आवडते पण पुऱ्या तळायला एक माणूस पूर्ण वेळ गॅसपाशी अडकतो आणि ते माणूस बहुतेक वेळा आईच असते, तिला फोटोत पण येता येत नाही. म्हणून नको. नूडल्स आणि पास्ता मुलांना आवडतात पण गार झाले की गोळा होतो, ठेवायचेच तर पाणी काढताना थोडं तेल लावून पसरून ठेवा आणि सॉसमध्ये आयत्या वेळी परता. पिझ्झा बाहेरून मागवत असाल तर लहान मुलाला दोन तुकडे, मोठ्या मुलाला तीन, आणि ऑर्डर आदल्या दिवशीच नोंदवून ठेवा, रविवारी संध्याकाळी आयत्या वेळी दहा पिझ्झे सांगितले तर तास-दीड तास सहज जातो.

कोरड्यात वेफर्स, चकली, कोथिंबीर वडी, चीजचे चौकोन, जे तुमच्याकडे चांगलं मिळतं ते. २०० ग्रॅमच्या पाकिटात आठ-दहा मुलं होतात. वेफर्स सगळ्यात शेवटी वाढा, आधी ठेवले की त्यावरच पोट भरतं, हे मी त्या हॉलमधल्या पार्टीतच शिकले.

सँडविच करणार असाल तर ब्रेडच्या दोन्ही स्लाइसना आतल्या बाजूने आधी लोणी लावा, मग चटणी. लोण्यामुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. काकडी-टोमॅटो आयत्या वेळी. आणि वरून ओलसर पातळ सुती कापड झाकायचं, नाहीतर कडा कडक होतात. मेयोनीजवालं सँडविच मात्र उन्हाळ्यात नकोच.

प्यायला उन्हाळा असेल तर पन्हं किंवा कोकम सरबत, एरवी लिंबू सरबत. एक लिटरमध्ये पाच-सहा ग्लास, पण मुलांना अर्धाच ग्लास भरून द्या, अर्धा नेहमी सांडतो. आणि पाणी! पळून पळून मुलं सगळ्यात जास्त पाणीच मागतात, आपण सरबताच्या नादात विसरतो. पाण्याचा जार मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर ठेवा.

केक किती आणि कधी

एक किलोत नीट कापले तर बारा ते चौदा तुकडे होतात. अठ्ठावीस माणसांना दोन किलो बास, अडीच म्हणजे डोक्यावरून पाणी. फॉन्डंटचा केक दिसायला छान, पण वजनाचा बराच भाग त्या साखरेच्या जाड थरात जातो आणि मुलं तो सोलून बाजूला टाकतात, तेव्हा तसा घेतलात तर अर्धा किलो जास्त धरा. घरून केक करून देणाऱ्या बऱ्याच जणी खूप छान करतात, त्यांच्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आहे का (चौदा आकडी नंबर असतो) आणि त्याच ओव्हनमध्ये, त्याच भांड्यांत दाणे-बदामाचं काही करतात का एवढं विचारा.

क्रम आमच्याकडे असा, आधी औक्षण, मग केक, आणि केकनंतर दहा मिनिटांच्या आत ताटल्या. औक्षण साग्रसंगीत करा, सुपारी, अंगठी, अक्षता सगळं घेऊन, मुलांना ते बघायला फार आवडतं, इतर भाषिक मुलं तर डोळे मोठे करून बघतात. फक्त निरांजन फुग्यांच्या आणि झिरमिळ्यांच्या जवळ नको. केकचे तुकडे लहान करा, हवा असेल त्याला पुन्हा मिळतोच. केक कापून मग तासभर खेळ आणि मग खाणं असं केलंत तर केकवरच पोट भरलेली मुलं खेळात रमतात आणि नंतर जेवतच नाहीत.

मोठ्यांचं काय

यात फार डोकं घालवू नका. तीच पावभाजी, तिखट केलेली, वर कांदा-लिंबू, आणि जेवणाची वेळ असेल तर एक भाताचा प्रकार, मसालेभात किंवा पुलाव, सोबत मठ्ठा. चहा मात्र ठेवा. मुलांना सोडायला आलेल्या बाबाला कपभर चहा मिळाला की तो तासभर आनंदाने फुगे फुगवतो.

घरी काय, बाहेरून काय, आणि कधी

माझा नियम सोपा आहे, एक गोष्ट घरची आणि बाकी विकतची. सगळं घरी करायचा हट्ट धरलात तर पार्टी सुरू व्हायच्या वेळेला तुम्ही गळून गेलेल्या असता. आदल्या रात्री भाज्या चिरून, मटार सोलून फ्रिजमध्ये, चटणी वाटून बरणीत. त्या दिवशी सकाळी भाजी शिजवून घोटायची, पण ती तशीच ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रोजच, तर एक तासच. पसरट भांड्यांत ओतून लवकर गार करा, फ्रिजमध्ये टाका, आणि संध्याकाळी चांगली खदखदेपर्यंत गरम करा, नुसती कोमट नको. भात तर शक्यतो संध्याकाळीच लावा, शिजवून बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. क्रीमचा केक कापायच्या अर्धा तास आधीच फ्रिजमधून काढा.

ताटल्यांचं पण आधीच ठरवा. थर्माकोलच्या आणि प्लॅस्टिकच्या प्लेटा, प्लॅस्टिकचे चमचे, स्ट्रॉ हे महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीत आलं आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी कुठेकुठे दुकानात दिसतं, घेऊ नका. सुपारीच्या पानांच्या ताटल्या चांगल्या जाड असतात, भाजी गळत नाही. आमच्या सोसायटीत पन्नास स्टीलच्या ताटल्या-वाट्या सगळ्यांनी वर्गणी काढून घेऊन ठेवल्यात, ज्याच्याकडे कार्यक्रम तो नेतो आणि घासून परत ठेवतो. मुलांच्या ताटलीत आधी एकच पाव आणि डावभर भाजी वाढा, हवं तेव्हा पुन्हा. खाली जुनी चादर अंथरून सगळ्यांना गोलात मांडी घालून बसवलं की निम्मं सांडणं कमी होतं, आणि एकमेकांचं बघून न खाणारं पोरही खातं.

उरलेली भाजी त्याच रात्री डब्यांत भरून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायची. पाव उरले तर दुसऱ्या दिवशी मस्का लावून भाजून चहाबरोबर. केक दोन-तीन दिवस.

आणि एक, ज्याचा वाढदिवस आहे ते पोर त्या दिवशी काहीच खात नाही. भेटवस्तू, मित्र, फुगे, त्याला भान नसतं, केकच्या एका घासावर ते दोन तास पळत असतं. म्हणून पार्टीच्या तासभर आधी त्याला नेहमीचं काहीतरी पोटभर खाऊ घाला, आणि रात्रीसाठी कुकरमध्ये थोडा वरणभात लावून ठेवा. सगळे गेल्यावर, दहाच्या सुमाराला, नवीन खेळण्यांच्या ढिगात बसून ते हमखास म्हणतं, "आई, भूक लागली."